आमचा बांध कुठल्या नकाशात आहे?



पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ नावाचे गाव आहे. नावात कापूर आहे, कापूस नाही. तेव्हा जिरायती कापूस-ज्वारीवाल्यांच्या या पानांवर त्याचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण कापूरहोळच्या नाक्यावर उभे राहिले की एक गोष्ट डोळ्यांना दिसते. पश्चिमेचा फाटा भोरकडे जातो. जसजसे पुढे जावे तसतसा पाऊस वाढतो, ज्वारी मागे पडते, भात आणि नाचणी लागते आणि शेवटी घाट येतो. पूर्वेचा रस्ता सासवडकडे, पुरंदरच्या कोरड्या माळाकडे जातो. एका नाक्यावरून दोन मुलूख दिसतात. पाऊस, माती, झाड आणि पीक जमिनीवर कसे मांडलेले आहे, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

या भागातल्या एका बैठकीत आम्ही गेलो होतो. विषय नेहमीचाच होता : घाटातल्या गावांची सरकारी यादी. एक वयस्कर शेतकरी उठले आणि म्हणाले, "गाव यादीत आहे म्हणता, असू द्या. पण माझा बांध, ओढ्याकाठची झाडं आणि देवाचं रान कुठल्या नकाशात आहे, तेवढं दाखवा." आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, माती तपासली, नकाशे पाहिले. तरी त्या दिवशी आम्हाला बोट ठेवायला जागा सापडली नाही. कारण ज्या मापाने तो नकाशा केला, त्या मापात बांध बसतच नव्हता.

हा लेख त्या मापाबद्दल आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात असे : मोजणीला आमचा विरोध नाही, पण कुठल्या मापाने मोजायचे हे ठरवताना गाव हजर पाहिजे.

चौकट केवढी?

आधी हकीकत नीट समजून घेऊ. २०१० साली केंद्र सरकारने पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०११ साली आला. या समितीने सगळ्या घाटावर चौकटी आखल्या. एक चौकट सुमारे ९ किलोमीटर लांब आणि तितकीच रुंद. प्रत्येक चौकटीला उंची, उतार, जंगल, दुर्मीळ वनस्पती-प्राणी यांवरून गुण दिले. ९ गुणिले ९ म्हणजे ८१ चौरस किलोमीटर, आपल्या भाषेत सुमारे २० हजार एकर. त्यात कितीतरी गावे, डोंगर, खाचरे, माळ आणि धरणाचे पाणी एकत्र येते. समितीला याची जाणीव होती. शेवटच्या हद्दी पाणलोट आणि गावशीव पाहून, ग्रामसभांना विचारून ठरवाव्यात, असे तिनेच सांगितले होते.

तो अहवाल बाजूला पडला. २०१२ साली कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला आणि २०१३ साली त्याचा अहवाल आला. या गटाने उपग्रहाची चित्रे घेतली. त्या चित्राचा सर्वांत लहान ठिपका २४ मीटर लांब, २४ मीटर रुंद होता. म्हणजे ५७६ चौरस मीटर, जवळजवळ पावणेसहा गुंठे. प्रत्येक ठिपका जंगल की शेत हे ठरवले. मग ठरावीक जागेत जंगलाचे आणि बिगर-जंगलाचे किती तुकडे पडले आहेत, ते मोजले. तुकडे कमी, निसर्गसंपत्ती जास्त आणि वस्ती विरळ, ती जागा संवेदनशील. त्यानंतर एककाची पाळी आली. गावाचा २० टक्के किंवा त्याहून जास्त भाग संवेदनशील निघाला, तर सबंध गाव यादीत. अशी ६ राज्यांत ४,१५६ गावे निघाली आणि त्यातली २,१५९ महाराष्ट्रातली. भोर आणि वेल्हे (ज्याला आता राजगड तालुका म्हणतात) इथली गावे त्यात आहेत.

पुढे २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. त्यात महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

आता हिशोब करा. २० हजार एकरांच्या चौकटीत गावच दिसत नाही. पावणेसहा गुंठ्यांच्या ठिपक्यात गाव दिसते, पण ४ फुटांचा बांध, ओढ्याकाठची करंज-उंबराची एकेरी रांग आणि विहिरीवरचे दोन आंबे दिसत नाहीत. आणि गाव हेच एकक धरले, तर २१ टक्क्यांचे गाव सबंध आत, १९ टक्क्यांचे सबंध बाहेर. आतल्या गावातला उघडा माळही संवेदनशील आणि बाहेरच्या गावातली शंभर पिढ्यांची देवराईही बिनकामाची. यात कोणी खोटे मोजले असे आम्ही म्हणत नाही. मोजणारे हुशार होते. पण गव्हाच्या चाळणीने राजगिरा चाळला, तर चाळणीत काही उरणार नाही आणि दोष राजगिऱ्याचा नसेल.

जुना धडा याच जिल्ह्यातला

मापावर शेतकऱ्याचे जगणे-मरणे ठरते, हे पुणे जिल्ह्याला नवीन नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे जमीन मोजली. त्याने शेतीचा खर्च काढला, तो उत्पन्नातून वजा केला आणि निव्वळ उरलेल्यापैकी ५५ टक्के सरकारचा सारा ठरवला. उत्पादन खर्च काढणारे सरकार ऐकून तुम्हाला हसू येईल, पण तो खर्च शेतकऱ्याला देण्यासाठी काढला नव्हता. हिशोब कागदावर सुबक होता आणि शेतावर चुकीचा. सारा पेलवेना, जमिनी पडल्या, माणसे गाव सोडून गेली.

मग १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. त्यांनी पिकाच्या काल्पनिक नफ्याचा नाद सोडला. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची खोली आणि रंग पाहिला, प्रत लावली. अशा ९ प्रती होत्या. चुनखडी, उतार, पाणथळ अशा दोषांची सूट दिली. सारा कमी धरला आणि ३० वर्षांसाठी कायम केला. पडीक जमिनी पुन्हा वहितीला आल्या. हेही सरकार परकेच होते आणि उपकार करायला आले नव्हते. पण माप बारीक केले आणि माती हातात घेऊन पाहिली, एवढ्याने फरक पडला. शिवार तेच, पाऊस तोच. एका मापाने गाव उठले, दुसऱ्याने बसले.

त्या इंदापूरला आज नीरेच्या कालव्याचे पाणी येते, ते भोरच्या डोंगरातले. १९२८ साली पुरे झालेले भाटघरचे मोठे धरण भोर तालुक्यात आहे. पाऊस भोरच्या माथ्यावर पडतो, जमीन भोरची बुडाली, ऊस खाली पिकतो. म्हणून माथ्यावरचे रान एकसंध राहिले की तुकडे-तुकडे झाले, हा फक्त भोरच्या माणसाचा प्रश्न नाही.

तुकडा, कड आणि पोट

तुकडे पडले तर बिघडते काय? याचे गणित शंकू साखळीने करता येते. साखळी ३३ फुटांची; साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. समजा १६ गुंठ्यांची चौरस देवराई आहे. तिची बाजू ४ साखळ्या, चारी बाजूंची कड ५२८ फूट. आता तिचे ४-४ गुंठ्यांचे चार तुकडे केले आणि वेगवेगळ्या जागी ठेवले. क्षेत्र १६ गुंठेच. पण कड १,०५६ फूट झाली, दुप्पट. ऊन, वारा, गुरे, वणवा आणि कुऱ्हाड कडेने आत येतात. ही झळ एक साखळी आत पोचते असे धरले, तर सलग देवराईच्या पोटात ४ गुंठे सावलीचे, ओलाव्याचे रान शिल्लक राहते. चार तुकड्यांत काहीच राहत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र कमी झालेले नाही, रान मात्र संपले आहे.

म्हणून नुसते क्षेत्र मोजून भागत नाही. तुकडे किती, सर्वांत मोठा केवढा, दोन तुकड्यांत अंतर किती, मध्ये जोडणारा बांध किंवा ओढा आहे की नाही, आणि कड किती, हे मोजावे लागते. पुण्याच्या घाटमाथ्यावरच्या देवरायांची नोंद गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात केली, तेव्हा शास्त्राला या लहान तुकड्यांचे मोल कळले. गावाला ते आधीच माहीत होते. त्याने रानाच्या कडेला देव बसवला आणि कुऱ्हाड बाहेर ठेवली.

हे कापसाला आणि ज्वारीलाही लागू आहे

इथे विदर्भ-मराठवाड्यातला वाचक म्हणेल, आमच्याकडे ना घाट, ना देवराई. मग तुमच्या शिवारातलेच पाहू.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा एक अट होती : कडेच्या ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातले जे जास्त असेल तेवढा साधा कापूस लावायचा. ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी त्यासाठीच होती. अळीला सगळीकडे एकच विष मिळाले तर विष पचवणारीच अळी उरेल. साध्या ओळींत वाढलेली पतंगे त्यांच्यात मिसळली तर ते लांबेल. म्हणजे ही अट बियाण्याची नव्हती, शिवाराच्या मांडणीची होती. आपण त्या पुडीचे काय केले, ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी फेकली, कोणी तिने तुटाळी भरली. अट घालणाऱ्याने ती मांडणी शेतावर येऊन कधी मोजली नाही, आणि आपणही नाही. शिवारच्या शिवार एका रंगाचे झाले. मग फरदडीने अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळाले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडे पोखरली. विज्ञान वाईट होते म्हणून हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. विज्ञानाने दिलेली मांडणी कोणी मोजलीच नाही म्हणून झाले.

गुलाबी बोंडअळी गट नंबर ओळखत नाही. मी माझ्या पऱ्हाट्या डिसेंबरात उपटल्या आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर माझा खर्च वाया गेला. शिवाराच्या नकाशावर फरदडीचे तुकडे दाखवले, तर पुढच्या वर्षी अळी कुठून निघणार हे आधी कळते.

ज्वारीचेही तसेच. शिवारात सगळीकडे ज्वारी होती तेव्हा पाखरे सर्वांत वाटली जात. आता सोयाबीन आणि कापसाच्या मध्ये एखादाच दोन एकरांचा ज्वारीचा तुकडा उरतो. त्याच्या चारी कडांनी पाखरे उतरतात, राखण परवडत नाही आणि पुढच्या वर्षी तो तुकडाही जातो. खरिपात मागे राहून एकट्याने उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी आणि मिजमाशी तुटून पडते, हे जुन्या माणसांना माहीत आहे. चार शेतकऱ्यांनी लागून-लागून आणि एकाच आठवड्यात पेरली, तर कड कमी होते आणि नुकसान वाटले जाते. देवराईचे जे गणित, तेच ज्वारीचे.

माप म्हणजे पैसाही

कोणी म्हणेल, कशाला मोजायचे? मोजले की बंधने येतात. ही भीती आम्हाला समजते. वन खात्याच्या दाराशी गेलेल्याला ती समजतेच. पण मसुद्यात काय आहे ते वाचून बोलावे. खाणी, दगड-वाळूचा उपसा, औष्णिक वीज केंद्रे, सर्वाधिक प्रदूषण करणारे कारखाने आणि २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांवर त्यात बंदी आहे. नांगर धरायला बंदी नाही. 'शेती बंद होणार' अशी आवई उठवणाऱ्यांत खरा शेतकरी किती आणि डोंगर प्लॉट पाडून विकणारा किती, हे भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवरच्या पाट्या वाचून ज्याने त्याने ठरवावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४ व्या वित्त आयोगाने २०१५ पासून राज्यांना केंद्रीय करातला वाटा देताना वनाच्छादनाला ७.५ टक्के वजन दिले. १५ व्या आयोगाने ते १० टक्के केले. म्हणजे उभ्या झाडाला दिल्लीत किंमत आली. पण हे वनाच्छादन मोजले जाते तेही उपग्रहाने, आणि एक हेक्टरापेक्षा लहान रान त्यात धरलेच जात नाही. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे. ज्या गावाने १६ गुंठ्यांची देवराई राखली, ज्या शेतकऱ्याने ओढ्याकाठची ५ गुंठे जमीन नांगरली नाही, त्याची नोंद शून्य. शिवाय पैसा जातो राज्याला. राखणाऱ्याच्या हातात काय येते?

आमची मागणी सरळ आहे. समाजाला झाड, पाणी आणि मधमाशी हवी असेल तर त्यासाठी अडकलेल्या जमिनीचे मोल शेतकऱ्याला मिळाले पाहिजे. त्या ५ गुंठ्यांत पीक घेतले असते तर जे पदरात पडले असते, ते सोडून तो ती जागा राखतो. हा त्याचा खर्च आहे. बाजारात माप न घालता माल दिला तर कोणी पैसे देत नाही. इथेही देणार नाही. म्हणून माप आपल्याकडे पाहिजे.

आणि आपलेही माप काढू. बांध कोणी संपवले? सरकारने नाही. दर नांगरटीला एक तास शेजाऱ्याच्या बांधात घालून तो कोरला आपणच. भावाभावांत कोर्टकचेऱ्या केल्या त्याही आपणच. बांध गेला, त्याबरोबर गवत गेले, बोरी-बाभळी गेल्या, पाणी अडायचे थांबले. दुसऱ्याच्या नकाशात आपला बांध नाही अशी तक्रार करताना तो शेतात तरी आहे का, हे पाहून घ्यावे.

पुढच्या बैठकीपर्यंत

प्रत्येक गाव शाखेने एक काम करावे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढावी. पेरणीनंतर एकदा आणि पिके निघाल्यावर एकदा शिवारफेरी करावी. बायांना बरोबर घ्यावे. सरपण, चारा आणि रानभाजी कुठल्या तुकड्यात मिळते हे त्यांना ठाऊक असते. नकाशावर पाच खुणा रंगाने कराव्यात : ओढे-नाले आणि विहिरी, झाडोऱ्याचे तुकडे, पड आणि गायरान, शाबूत बांध, आणि त्या हंगामाचे पीक. कापसाच्या गावांनी फरदडीची सहावी खूण करावी.

मग चार आकडे काढावेत : झाडोऱ्याचे तुकडे किती, सर्वांत मोठा किती गुंठे, दोन तुकड्यांमधले सर्वांत मोठे अंतर किती साखळ्या, आणि शाबूत बांधांची लांबी किती. दर तीन वर्षांनी हेच आकडे, याच पद्धतीने, पुन्हा काढावेत. मधेच पद्धत बदलली तर शिवार बदलले की माप बदलले ते कळणार नाही. याला संगणक लागत नाही. गावात पोराच्या मोबाइलवर नकाशा असेल तर त्याचाही उपयोग करावा. त्यात कमीपणा नाही.

हा कागद ग्रामसभेत वाचून ठरावासह दप्तरी लावावा. अधिसूचनेच्या मसुद्यावर हरकत द्यायला ६० दिवस असतात. ६० दिवसांत शिवार मोजून होत नाही. आधी मोजलेले असेल तरच हरकतीत आकडा घालता येतो. "आमचा विरोध आहे" असे लिहिलेले हजार कागद एका गठ्ठ्यात बांधले जातात. "आमच्या गावात तुमच्या ठिपक्यात न दिसलेले ११ तुकडे आहेत, ते हे, आणि तुम्ही जंगल म्हटलेला हा भाग आमचा वहितीचा आहे, तो हा," असे लिहिलेल्या एका कागदाला उत्तर द्यावे लागते.

कापूरहोळच्या बैठकीत ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांना आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो. बाबा, तुमचा बांध कुठल्याच नकाशात नाही. तो तुम्हीच काढायचा आहे, साखळी धरायला आम्ही येतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला हार-तुरे आणू नका. गावाचा रंगवलेला कागद आणा.